पाकिटातलं ‘लो कार्ब’

2017 साली पुणे महापालिकेत आलेल्या, सिंहगडाच्या वाटेवरच्या या धायरीत गडावरच्या पिठलं-भाकरीचं गुणगान गाऊन टाळ्या घेणं सोपं आहे. पण आपण आहारशास्त्राचे लोक. भाकरीही कर्बोदकांचीच, हे आपल्याला ठाऊक आहे. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या तक्त्यांत 100 ग्रॅम ज्वारीत सुमारे 68 ग्रॅम कर्बोदकं आहेत, गव्हाच्या पिठात 64. आयसीएमआर-इंडियाब पाहणीचा 2025 साली प्रसिद्ध झालेला आहारविषयक भाग सांगतो की आपल्या रोजच्या उष्मांकांपैकी जवळपास 62 टक्के कर्बोदकांतून येतात. आणि एकूण प्रमाण तेवढंच ठेवून नुसतं मैद्याजागी अख्खा गहू किंवा भरड धान्य आणल्याने मधुमेहाचा धोका घटलेला दिसत नाही. घटलेला दिसतो तो डाळी, दूध, अंडी, मासे यांतली प्रथिनं त्या जागी आल्यावर. तेव्हा कर्बोदकं कमी करावीत, याबद्दल वाद नाही. रिकामी झालेली जागा ‘लो कार्ब’ छापलेल्या पाकिटाने भरावी का, एवढाच प्रश्न आहे.

माझं म्हणणं असं, की पाकीट चार दिवसांचा पाहुणा म्हणून येऊ द्यावं, त्याला आहारात कायमचा मुक्काम देऊ नये. पहिली अडचण हिशेबाची. ‘शुगर फ्री’ला आपल्याकडे नियमातली व्याख्या आहे: 100 ग्रॅममागे साखर अर्ध्या ग्रॅमच्या वर नको. ‘नेट कार्ब’ हा मात्र उत्पादकाने स्वतःच मांडलेला हिशेब. समजा, 40 ग्रॅमच्या चॉकलेट बारमध्ये एकूण कर्बोदकं 22 ग्रॅम आहेत. त्यातून 6 ग्रॅम तंतू आणि माल्टिटॉल या साखरेऐवजीच्या गोडीचे 12 ग्रॅम वजा करून दर्शनी बाजूला ठळक 4 छापला. एरिथ्रिटॉलने रक्तातली साखर जवळजवळ वाढत नाही, तिथे ही वजाबाकी चालते. माल्टिटॉलने वाढते, साखरेच्या साधारण निम्मी. म्हणजे त्या चाराचे खरे दहा झाले, आणि खाणारा मात्र चारच्या भरवशावर दुसरा बार फोडतो.

दुसरी अडचण याहून मोठी आहे. डॉ. श्रीकांत जिचकारांच्या कल्पनेवर डॉ. जगन्नाथ दीक्षितांनी उभारलेली दोन वेळा जेवणाची पद्धत महाराष्ट्रात घरोघरी पोचली. तिच्या शास्त्राबद्दल मतभेद आहेत, माझेही आहेत. पण मधल्या वेळचं खाणंच बंद करायचं, हे तिने नेमकं हेरलं, आणि त्याला दमडी लागत नाही. लो-कार्ब बिस्कीट आणि लो-कार्ब चिवडा बंद झालेली तीच मधली वेळ पुन्हा उघडून देतात. केविन हॉल यांच्या 2019च्या अमेरिकेतल्या प्रयोगात 20 जणांना दोन-दोन आठवडे दोन प्रकारचं अन्न दिलं. समोर ठेवलेले उष्मांक, कर्बोदकं, साखर, तंतू सारखेच. तरी अतिप्रक्रिया केलेलं अन्न असताना माणसं दिवसाला सुमारे 500 उष्मांक जास्त खाऊन गेली. तो प्रयोग लो-कार्ब मालावर नव्हता, हे खरं. पण कर्बोदकांचा आकडा जुळला म्हणून भूकही जुळते, हा समज त्याने खोटा पाडला.

नोकरदार माणसाला वेळ कुठे आहे, असं कुणी म्हणेल. उकडलेलं अंडं, ताक, भाजलेले शेंगदाणे यांना पाकिटाइतकाच वेळ लागतो. शेंगदाण्यात 100 ग्रॅममागे कर्बोदकं 17 ग्रॅमच. मात्र मूठभर म्हणजे मूठभरच, कारण तिथले दोन-तृतीयांशाहून जास्त उष्मांक चोरपावलांनी येतात ते तेलातून. पाकिटाच्या बाजूने लो-कार्ब आट्याचा मुद्दा मात्र मला वजनदार वाटतो. पोळी पानात नसली की जेवल्यासारखंच वाटत नाही, अशा माणसाला सोया आणि ग्लुटेनच्या पिठाची पोळी सुरुवातीचे दोन-तीन महिने तारून नेते. जागतिक आरोग्य संघटनेने 2023 साली वजन आटोक्यात ठेवण्यासाठी कृत्रिम गोडी वापरू नका असं सुचवलं, तेव्हा आधीच मधुमेह असलेल्यांना त्या सूचनेतून वगळलं होतं, हेही प्रामाणिकपणे सांगायला हवं. आणि अपस्माराच्या मुलांना 1921 पासून दिला जाणारा कीटोजेनिक आहार ही तर वेगळीच गोष्ट. तिथे ग्रॅमवर मोजलेलं तयार अन्न उपचारातच मोडतं.

म्हणून आहारतक्त्यात पाकीट लिहायचं असेल, तर पुढे ते कधी बंद करायचं तेही लिहावं. आणि अन्नसुरक्षा प्राधिकरणाकडे या परिषदेने एक मागणी जरूर करावी: ‘नेट कार्ब’चा आकडा छापणाऱ्याने वजा केलेला प्रत्येक घटक, त्याच्या नावानिशी आणि ग्रॅमसह, त्याच टायपात, शेजारीच छापावा.