नाशिकचा घड, रॉटरडॅमची वेस



जुलै 1991 च्या पहिल्या तीन दिवसांत रुपयाचे दोनदा अवमूल्यन झाले आणि 24 तारखेला नवे औद्योगिक धोरण आले. त्या दिवसांचा विषय निघाला की आपण मोटारी आणि परदेशी कंपन्यांबद्दल बोलतो. मी आज द्राक्षांबद्दल बोलणार आहे. खुल्या व्यापारात काय मिळते आणि त्यासाठी काय मोजावे लागते, हे नाशिक-सांगलीच्या बागायतदाराला जेवढे कळले तेवढे फार थोड्यांना कळले असेल.

त्याच वर्षी द्राक्ष उत्पादकांच्या सहकारी संस्थांनी मिळून 'महाग्रेप्स' ही निर्यातीसाठीची संस्था उभी केली. रुपया उतरल्यावर आपला माल युरोपला परवडणार होता. पण द्राक्ष म्हणजे काही पोत्यात भरायचा कांदा नव्हे. तोडणीनंतर काही तासांत माल प्रीकूलिंगला, म्हणजे थंड करायला, गेला नाही, तर देठ सुकतो, मणी गळतात. मग पेटीत सल्फर डायऑक्साइडचा कागद, शीत कंटेनर, न्हावाशेवा बंदर आणि पुढे कित्येक दिवसांचा समुद्र. एवढे पार पडले तरी पलीकडच्या वेशीवर प्रयोगशाळा बसलेली असते.

2010 चा हंगाम आठवा. वेलीची शेंडावाढ रोखणाऱ्या क्लोरमेक्वाटचा, म्हणजे आपल्या सीसीसीचा, अंश आपल्या द्राक्षांत युरोपात सापडला. तिथली मर्यादा किलोला 0.05 मिलिग्रॅम होती, आणि आपल्या तपासणीच्या यादीत तेव्हा हे रसायन नव्हतेच. कंटेनर बंदरांत अडकले, बागायतदार कर्जात गेले. चूक एकट्या शेतकऱ्याची नव्हती. परदेशी नियम वेळेवर त्याच्यापर्यंत पोहोचवणे हे यंत्रणेचे काम होते. नंतर ते रसायन यादीत आले, पण त्या हंगामाचे पैसे गेले ते गेलेच.

आता गुंतवणुकीचे सांगतो. दिंडोरी तालुक्यातल्या मोहाडीच्या 'सह्याद्री फार्म्स'मध्ये, म्हणजे शेतकऱ्यांच्याच कंपनीत, 2022 साली युरोपीय गुंतवणूकदारांनी सुमारे 310 कोटी रुपये घातले. परदेशी पैसा यावा तर असा, पॅकहाउसमध्ये आणि प्रक्रियेत, असे माझे स्पष्ट मत आहे. तो आला कारण तिथे कोणता घड कोणत्या प्लॉटमधला, हे सांगता येते.

म्हणून, बागायतदार मित्रांनो, निर्यातीसाठी प्लॉटची नोंदणी मुदतीत करा. ऑक्टोबर छाटणीपासूनची प्रत्येक फवारणी, औषध आणि तारखेसह, त्याच संध्याकाळी वहीत लिहा.