लग्न घरचं, टेन्शन कशाला? : पाटसच्या एका मांडवाचा हिशोब

कानात हेडफोन असतील, कुणी लोकलला लटकलेलं असेल, कुणी गाडीवर असेल. गाडीवर असाल तर आधी बाजूला घ्या, मग ऐका.

आजचा विषय आपल्या सगळ्यांच्या घरचा आहे. लग्न. म्हणजे लग्न करावं की नाही हा नाही, तो तुमचा तुम्ही बघा. लग्न ठरल्यापासून वरातीपर्यंत घरातल्या माणसांची जी दैना होते, ती कमी कशी करायची, एवढंच बोलायचंय. मी काही वेडिंग प्लॅनर नाही. बीटेक केलंय, पुण्यात सॉफ्टवेअरमध्ये आहे आणि गाव पाटस, तालुका दौंड. धाकट्या बहिणीच्या लग्नात जे शिकलो, तेच सांगतो.

सुरुवात एका फोनपासून. लग्नाला तीन महिने होते. शनिवारी गावी गेलो, तर आप्पा म्हणाले, "मोबाइल लई हँग होतोय, बघ जरा." फोटो उडवता उडवता एक फाइल दिसली. उघडली, तर इसारपावतीचा मसुदा. आमचं रस्त्याकडचं २० गुंठे वावर. घरात कुणालाच माहीत नाही. आई नाही, मी नाही, आणि जिचं लग्न ती तर नाहीच.

रात्री जेवणं झाल्यावर विचारलं. आप्पा आधी चिडले, मग गप्प झाले, मग म्हणाले, "पोरीचं लग्न एकदाच हुतं. लोकं काय म्हणतील?" बहीण आतून सगळं ऐकत होती. बाहेर आली आणि म्हणाली, "माझ्या लग्नापायी वावर गेलं, तर माहेरी आल्यावर मी कुठल्या बांधावर उभी राहू?"

त्या रात्री कुणी धड झोपलं नाही. सकाळी चहा घेता घेता आम्ही पहिल्यांदा कागद-पेन घेऊन बसलो. आप्पांच्या डोक्यातला अंदाज होता १४ लाख. हातात होते ६. मधल्या ८ लाखांचं नाव 'टेन्शन'.

पहिली गोष्ट : आधी माणसं मोजा, मग कार्यालय बघा

आपण उलटं करतो. आधी हायवेवरचं मोठं लॉन्स बुक करतो आणि मग ते भरायला माणसं शोधतो. आमची पहिली यादी १,५०० माणसांची. आचारी म्हणाला, ताटाला १९० रुपये. म्हणजे २ लाख ८५ हजार. ६०० माणसं धरली, तर १ लाख १४ हजार. नुसत्या यादीत १ लाख ७१ हजारांचा फरक!

पण यादी कापायची कशी? मी इंजिनिअर, मी काय केलं, तर ६४ ओळींची एक्सेल शीट बनवून घरच्या ग्रुपवर टाकली. कुणी उघडलीसुद्धा नाही. मग आईनं कपाटातून एक जुनी वही काढली. आहेराची वही. आत्याच्या लग्नापासूनच्या नोंदी : कुणी काय आहेर केला, आपण कुणाकडं काय दिलं. राव, आमच्या घरात माझ्याआधी ४० वर्षं डेटाबेस होता! ज्यांच्याशी खरंच येणं-जाणं आहे, ते त्या वहीत होते. वही समोर ठेवली आणि दोन संध्याकाळींत यादी ६०० वर आली.

दुसरी गोष्ट : व्याह्यांशी अंदाजानं बोलू नका

निम्मं टेन्शन 'त्यांना काय वाटेल' याचं असतं. बहिणीनं आधी होणाऱ्या नवऱ्याशी बोलून घेतलं. मग दोन्हीकडची मोठी माणसं बसली आणि आप्पांनी सरळ सांगितलं, "आमची ऐपत एवढी आहे." दोन मिनिटं शांतता. मग व्याही म्हणाले, "आम्ही तरी कुठं डीजे मागितला होता? आम्हाला वाटलं, तुम्हाला पाहिजे." दोन्ही घरं एकमेकांसाठी नको तो खर्च करायला निघाली होती! डीजे, घोडा, फटाके, प्रीवेडिंग गेलं : १ लाख ३५ हजार. मानपानाच्या साड्या, टॉवेल-टोप्या, फेटे फक्त जवळच्यांना : १ लाख ४० हजार. सोनं नवीन न घेता आजीचं मोडून घडवलं : ३ लाख १० हजार. करा बेरीज. १४ लाखांचं लग्न साडेसहाच्या आत आलं. वरचे थोडे मी घातले. इसारपावती मोबाइलमधून उडवली, ती आप्पांनी स्वतः.

आणि हुंडा. द्यायला लागत असेल, तर तो टेन्शनचा विषयच नाही, ते लग्न मोडण्याचं कारण आहे. १९६१ चा कायदा घेणाऱ्याला जसा गुन्हेगार धरतो, तसाच देणाऱ्यालाही. नवरा-नवरीला मिळालेल्या भेटींची लेखी यादी ठेवावी, असा १९८५ चा नियमही आहे. म्हणजे आईची वही कायद्यालाही धरून आहे.

तिसरी गोष्ट : एक काम, एक माणूस

दरवर्षी आषाढी वारीत तुकोबारायांची पालखी वरवंडचा मुक्काम उरकून आमच्या पाटसवरून रोटी घाटाकडं जाते. हजारो वारकरी. तेव्हा गावात कुणी टेन्शन घेतलेलं मी बघितलं नाही. कुणी भाकरी करतं, कुणी पिठलं, कुणी पाणी बघतं. ज्याचं त्याला माहीत. मग ६०० माणसांच्या लग्नात आपण का कोसळतो? कारण सगळी कामं एकट्या बापाच्या डोक्यावर असतात.

आम्ही कामं नावानं वाटली. आचारी आणि किराणा मामांकडं. मांडव-लाइट चुलतभावाकडं. मोठी गर्दी पुण्याकडून येणार, म्हणून कार्यालय त्याच बाजूचं घेतलं, तरी हायवेवर शिट्ट्या देऊन दोन पोरं उभी केली. पाहुण्यांच्या गर्दीत रस्ता ओलांडताना काही झालं, तर कसलं लग्न आणि कसलं काय! आणि सगळ्यात महत्त्वाचं : लग्नाच्या दिवशी आप्पांचा मोबाइल माझ्या मित्राकडं. "पत्ता कुठंय", "गाडी कुठं लावू" हे १०० फोन त्यानं घेतले.

पैशाचंही तसंच. आमच्या भागात बरीच लग्नं उसाच्या बिलावर ठरतात. ऊस गेल्यावर १४ दिवसांत पैसे द्यावेत, असं कायदा म्हणतो, पण आचारी कायद्यावर थांबत नाही. हातात आलेल्या पैशावरच तारीख धरा.

चौथी गोष्ट : मुहूर्त म्हणजे मुहूर्त

पत्रिकेत १२ वाजून ३५ मिनिटं आणि अक्षता पडतात सव्वादोनला. मधल्या वेळात काय? सत्कार आणि आशीर्वादपर भाषणं! लहान पोरं उपाशी, नवरी शालूत घामाघूम. आम्ही निवेदकाला आधीच सांगितलं : नावं घ्यायची, पण जागेवरूनच नमस्कार, आणि सत्कार मंगलाष्टकांनंतर. तरी १७ मिनिटं उशीर झालाच. पण आमच्याकडं १७ मिनिटं म्हणजे वेळेआधीच.

पाचवी गोष्ट : कागद

लग्नाची नोंदणी ९० दिवसांच्या आत करून टाका. गावात ग्रामपंचायतीत होते. वयाचे, पत्त्याचे पुरावे, फोटो, पत्रिका आणि तीन साक्षीदार. साक्षीदार लग्नाच्या आठवड्यातच धरा, नंतर सापडत नाहीत. पुढं पासपोर्ट, व्हिसा निघाला की या कागदासाठी धावाधाव होते.

आता तुम्ही म्हणाल, साधं लग्न म्हणजे नवीन फॅड. अजिबात नाही. २५ डिसेंबर १८७३ ला पुण्यात महात्मा फुल्यांच्या सत्यशोधक समाजानं पहिलं लग्न लावलं, भटजीशिवाय आणि अगदी थोड्या खर्चात. आणि लांब कशाला, एप्रिल २०२१ आठवा. सरकारचा नियम होता : २५ माणसं, एक हॉल, २ तास. त्या काळात लग्न झालेले माझे मित्र आहेत. त्यांच्या संसारात '१,५०० माणसं नव्हती' म्हणून काही कमी पडलेलं मला तरी दिसत नाही.

सगळं गोड झालं असं मात्र सांगणार नाही. एक चुलते मानाचा फेटा मिळाला नाही म्हणून जेवण न करता गेले. अजून बोलत नाहीत. आई दोन दिवस रडली. दिवाळीला मी फराळ घेऊन गेलो, त्यांनी डबा घेतला, पण घरात ये म्हणाले नाहीत. परत जाईन. कुणीच नाराज होणार नाही असं लग्न करता येत नाही. पण एक जण नाराज होईल म्हणून २० गुंठे विकायचे का, हे आधी ठरवता येतं.

लग्नाच्या दिवशी सगळ्यात शेवटी एक पंगत बसली. त्यात आप्पा होते. मांडी घालून, जिलेबी मठ्ठ्यात बुडवून निवांत जेवत होते. आमच्याकडं नवरीचा बाप लग्नात जेवलेला मी पहिल्यांदाच बघितला.

तर मंडळी, घरात लग्न ठरलं असेल, तर आज एकच काम करा. रात्री वडिलांशेजारी बसा आणि विचारा, "पैशाचं काय ठरवलंय?" मसुदा मोबाइलमध्ये सापडायची वाट बघू नका.

भेटू पुढच्या भागात. तोवर काळजी घ्या, आणि लग्नाला गेलात तर ताटात टाकू नका. राम राम!