आधी घरचा हिशेब



८ सप्टेंबर १९५५ या दिवशी आपल्या भूम तालुक्यातल्या कुंथलगिरीवर एका ८३ वर्षांच्या माणसाचा आवाज मुद्रित करून ठेवण्यात आला. अन्न सोडून त्यांना सव्विसावा दिवस लागला होता. वीस-बावीस मिनिटांचं बोलणं आहे. देह पार उतरलेला, पण बोलणं सरळ मराठीत, जमलेल्या माणसांना समजेल असं. सांगणं एवढंच की बाबांनो, व्रताला आणि संयमाला घाबरू नका. पुढे दहा दिवसांनी, १८ सप्टेंबरला, आचार्य शांतिसागर महाराजांचा देह तिथेच शांत झाला. सल्लेखनेचा, म्हणजे अन्न सोडून देह ठेवण्याच्या व्रताचा, तो छत्तिसावा दिवस होता.

आज १ ऑक्टोबर, ज्येष्ठांचा दिवस. संयुक्त राष्ट्रांनी १९९० साली तसा ठराव केला, आणि तेव्हापासून या दिवशी शाल-श्रीफळाचे कार्यक्रम होतात, फोटो होतात, चहा होतो. त्याबद्दल तक्रार नाही. पण आपल्या धाराशिव जिल्ह्यात देवाधर्माला आणि घराला सारखंच धरून दीर्घ आयुष्य काढलेली जी माणसं होऊन गेली, त्यांची आठवण काढायची तर मला शालीच्या आधी कुंथलगिरी आठवते.

शांतिसागर महाराज मूळचे आपल्या जिल्ह्याचे नव्हेत. बेळगावकडच्या भोज गावच्या पाटील घराण्यातले. १८७२ चा जन्म, घरातलं नाव सातगौडा. त्या काळच्या रीतीप्रमाणे नवव्या वर्षी लग्न लावून दिलं, आणि काही महिन्यांतच ती चिमुरडी नवरी वारली. पुन्हा लग्नाचा विषय निघाला तेव्हा त्यांनी ठाम नकार दिला. मन तेव्हापासूनच संन्यासाकडे होतं. पण वडील म्हणाले, आम्ही आहोत तोवर घर सोडू नकोस. आणि त्यांनी सोडलं नाही. शेती केली, कापडाच्या दुकानात बसले. शेतात पाखरं कणसावर आली तर हाकलायची नाहीत, उलट त्यांच्यासाठी पाणी भरून ठेवायचं, अशी त्यांची गोष्ट अजून सांगतात. वडील गेले, आई गेली, सगळं रीतसर झालं, आणि मग चाळिशी ओलांडल्यावर हा माणूस घराबाहेर पडला. १९२० मध्ये मुनिदीक्षा घेतली. त्यानंतरची पस्तीस वर्षं अनवाणी चालणं. दक्षिणेतून पार उत्तरेपर्यंत गेले. दिगंबर मुनींचा विहार जिथे जवळजवळ थांबला होता तिथे तो पुन्हा सुरू झाला.

त्यांचं सगळंच मला पटतं असं नाही. मुंबई सरकारच्या हरिजन मंदिरप्रवेशाच्या कायद्यात जैन मंदिरंही धरली गेली, तेव्हा त्याविरुद्ध त्यांनी तीन वर्षं धान्य वर्ज्य केलं. १९५१ मध्ये उच्च न्यायालयाचा निकाल जैन समाजाच्या बाजूने लागला, तेव्हाच ते सोडलं. जैन धर्म स्वतंत्र आहे हा त्यांचा मुद्दा मला कळतो. पण ज्यांना देवळाच्या पायरीवर अडवलं जात होतं त्यांच्या बाजूने पाहिलं की तो उपवास वेगळा दिसतो. मोठ्या माणसाची आठवण काढताना हेही बोलायला हवं, नाहीतर ती आठवण राहत नाही, आरती होते.

सल्लेखना त्यांनी का घेतली, ते कारण मला फार महत्त्वाचं वाटतं. डोळे अधू झाले होते. दिगंबर मुनीला चार हात पुढची जमीन पाहून पाऊल टाकावं लागतं, पायाखाली किडामुंगी येऊ नये म्हणून. डोळेच साथ देईनात तर व्रत पाळणार कसं? व्रत मोडून जगण्यापेक्षा त्यांनी देहाचा निरोप घ्यायचं ठरवलं. जागा निवडली कुंथलगिरीची, देशभूषण आणि कुलभूषण या दोन सख्ख्या भावांच्या निर्वाणाची. आधी अन्न गेलं, मग मधूनमधून घेतलेलं पाणी तेवढं उरलं, पुढे तेही गेलं. त्या दिवसांतही काम चालूच होतं. शिष्य वीरसागर तेव्हा जयपूरला होते. त्यांना पत्र धाडून आचार्यपद सोपवलं. एखाद्या घरच्या म्हाताऱ्याने कणगीची किल्ली थोरल्याच्या हाती द्यावी तसं. संन्याशानेसुद्धा मागचं मार्गी लावूनच डोळे मिटले.

श्रोतेहो, आपल्या भागातल्या जुन्या म्हाताऱ्यांकडे पाहिलं की हाच क्रम दिसतो. आधी घरचा हिशेब, मग देव. मृग बरसला, पेरणी आटोपली, कोळपणी पोरांवर सोपवली की मग आषाढीची पिशवी भरायची. पाऊस लांबला तर वारकऱ्याचा जीव खालीवर होतो, पण पेरणी टाकून गेलेला वारकरी मी फारसा पाहिला नाही. शेगावच्या गजानन महाराजांची पालखी आपल्या जिल्ह्यातून तुळजापूरवरून जाते. पैठणची नाथांची पालखी परंड्याच्या बाजूने जाते. त्या दिंड्यांत सत्तरी-पंचाहत्तरीची माणसं बघा. गोपीचंदनाचा टिळा, गळ्यात तुळशीमाळ, कमरेला चंची, आणि एका कानाला मोबाइल. "लिंबोळी अर्क मारला का? मोटार चालू हाय का? म्हशीला पेंड घातली का?" विठ्ठलाच्या वाटेवर चालताना निम्मं लक्ष वस्तीवर. कुणी याला आसक्ती म्हणेल. म्हणो बापडा.

हज करणाऱ्या आपल्याकडच्या बुजुर्गांचं याहून वेगळं नव्हतं. त्यांच्या धर्मातच सांगितलंय की अंगावरचं कर्ज फेडावं, मागे राहणाऱ्यांच्या पोटाची सोय करावी आणि मग जावं. धाराशिवात ख्वाजा शमसुद्दीन गाझींच्या उरुसाला सगळ्या जातीधर्माची माणसं जातात हे आपल्याला ठाऊक आहेच. पण पोरींची लग्नं उरकून, सावकाराचा कागद फाडून, गावात घरोघर जाऊन "काही चुकलं-माकलं असलं तर माफ करा" म्हणून निघालेला हाजी ज्यांनी पाहिला, त्यांना ते दृश्य उरुसापेक्षा जास्त आठवतं.

आणि गंमत म्हणजे वारकरी आणि हाजी या दोघांची गाडी एकच होती. बार्शी लाइट. अडीच फूट रुंदीच्या रुळांवरची ती छोटी गाडी १९११ मध्ये लातूरपर्यंत आली. लातूर, तेर, येडशी, बार्शी, कुर्डुवाडी, आणि तिथून पुढे पंढरपूर, मिरज. वारकरी त्याच मार्गाने पंढरपूर गाठायचा. हाजी कुर्डुवाडीला मोठी गाडी धरून मुंबईला जायचा आणि तिथून जहाजाने पुढे. ही जहाजं १९९५ पर्यंत चालत होती. एका डब्यात समोरासमोरच्या बाकांवर टाळ आणि तसबी बसलेली असायची. तंबाखूची देवाणघेवाण व्हायची, आणि बोलणं बहुधा पावसावर.

या क्रमाला छेद देणारी एक गोष्टही आपल्याच जिल्ह्यातली आहे, आणि ती टाळून पुढे जाता येत नाही. तेरचे गोरोबाकाका. संतमंडळीत सगळ्यांत वडीलधारे. रूढ सनावळी मानली तर जन्म १२६७, म्हणजे नामदेवांहून जेमतेम तीन वर्षांनी मोठे, ज्ञानेश्वरांहून आठ. तरी सगळ्यांचे काका तेच. मुक्ताबाईच्या सांगण्यावरून थापटणं घेऊन एकेकाच्या डोक्यावर ठोकून कोणतं मडकं भाजलंय ते पाहिलं. नामदेव रागावले आणि कच्चे ठरले. वडीलकीचा हा मान त्यांच्या वयाला मिळाला नव्हता. चाक, चिखल, भट्टी आणि बायको-पोर यांच्यात राहून केलेल्या भक्तीला तो मिळाला होता.

पण तीच भक्ती एकदा पोराच्या अंगावरून गेली. नामात दंग होऊन चिखल तुडवताना रांगतं लेकरू पायाखाली आलं. ही कथा कीर्तनात आपण शेकडो वेळा ऐकतो. बुवा झपाट्याने पुढे जातात, काकांनी पुढे स्वतःच तोडलेले हात पंढरीत पुन्हा फुटतात, लेकरू रांगत येतं, टाळ्या पडतात. मात्र चैत्र वद्य त्रयोदशीला, समाधीच्या दिवशी, तेरणाकाठच्या त्या देवळाच्या ओवरीत बसलेल्या बायकांचं बोलणं कधी कान देऊन ऐका. त्या काकांच्या बायकोबद्दल, संतीबद्दल बोलतात. पाण्याला गेली होती, परत आली तर लेकरू दिसेना. त्या आईचं काय झालं असेल, हे त्या एकमेकींना विचारतात. सातशे वर्षं विचारतायत. काकांवर त्यांचा राग नाही, नवस काकांनाच बोलतात, पण संतीला त्या विसरू देत नाहीत. देवभोळ्या पुरुषाच्या दीर्घ आयुष्याचा खर्च घरातलं कुणीतरी उचलत असतं, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक?

आता अलीकडे येतो. जी पिढी आपल्या डोळ्यांदेखत संपत चालली आहे, ती निजामाच्या राज्यात जन्मली. शाळेत उर्दू, बाजारात हाली सिक्का. इंग्रजी अमलातला रुपया म्हणजे कलदार. १३ सप्टेंबर १९४८ ला सोलापूरकडून भारताची फौज नळदुर्गमार्गे आत आली आणि १७ तारखेला निजाम शरण आला. हे त्यांना पुस्तकातून कळलेलं नव्हतं. रझाकारांच्या भीतीने आईच्या कडेवर बसून हद्दीपलीकडे बार्शीला गेलेली ही पोरं. मग हैदराबाद राज्य, १९५६ ला मुंबई राज्य, १९६० ला महाराष्ट्र. माणूस त्याच पाराखाली बसून राहिला आणि राज्यं त्याच्यावरून गेली. जिल्ह्याचे दोन तुकडे होऊन १९८२ मध्ये लातूर निघालं, तेही त्याने पाहिलं. बहात्तरच्या दुष्काळात खडी फोडली, सुकडी खाल्ली, आणि पुढे आयुष्यभर ताटात भाकरीचा तुकडा टाकणाऱ्या नातवाकडे तो अशा नजरेने बघायचा की नातू मुकाट्याने तुकडा उचलायचा.

आणि ३० सप्टेंबर १९९३. कालच त्याचा दिवस होऊन गेला. गणपती बोळवून लोक उशिरा झोपले होते. पहाटे चारला चार मिनिटं कमी असताना जमीन हलली. किल्लारी लातूर जिल्ह्यात, पण आपल्याकडे सास्तूर आणि उमरगा-लोहाऱ्याकडची गावंच्या गावं बसली. माणसं मेली ती घरांनी. दगडमातीच्या दोन-दोन हात रुंद भिंती आणि वर माळवद. दरवर्षी पावसाळ्याआधी माळवदावर पांढऱ्या मातीचा नवा थर द्यायचा, गळू नये म्हणून. हा थर देणं हे घरच्या कर्त्या म्हाताऱ्याचं काम. पोरांना हाताशी धरून तो स्वतः माती निवडायचा, चोपायचा. वर्षानुवर्षं घराची काळजी म्हणून चढवलेलं ते ओझं त्या पहाटे खाली आलं. वाचलेल्या म्हाताऱ्यांपैकी कित्येकांना हे समजत होतं. त्यांना कुणी समजावून सांगायची गरज नव्हती.

लगेच पितृपक्ष लागला. नातवाने आजोबाच्या नावाने पाणी सोडायचं ही रीत. त्या वर्षी तिकडे आजोबांनी नातवांच्या नावाने पाणी सोडलं. तरीही पुढच्या वर्षी पत्र्याच्या शेडमधून माळकरी पंढरीला निघाले. श्रद्धा बळकट म्हणून गेले की दुसरं काही सुचत नव्हतं म्हणून, हे विचारण्याचं धाडस मला कधी झालं नाही. त्यांनी आपण होऊन सांगितलंही नाही.

माझे आजोबा त्यांच्याइतके पोळलेले नव्हते. साधे माळकरी शेतकरी. रोज पहाटे हरिपाठ, दर एकादशीला भगर, आणि सख्ख्या भावाशी विहिरीच्या पाळीवरून जुनं वैर. दुपारी भाऊ मोट धरायचा की हे, यावरून सुरू झालेलं भांडण मोट जाऊन इंजिन आलं, इंजिन जाऊन वीज आली तरी चालूच होतं. नव्वदीच्या घरात ते आजारी पडले, अंथरुणाला खिळले. डॉक्टरांनी मान हलवली. पाहुणे जमले. घरात तुळशीचं पान आणि गंगाजळाची कुपी काढून ठेवली. कुणीतरी उशाशी भजन सुरू केलं, तर हातानेच त्याला थांबवलं आणि म्हणाले, "आदी इहिरीच्या पाळीचं मिटवा. मंग म्या मोकळा."

चुलत आजोबांना निरोप गेला. तेही पंच्याऐंशीचे. नातवाच्या मोटारसायकलवर मागे बसून आले, काठी भिंतीला टेकवली, खाटेशेजारी बसले. अर्धा तास दोघं कुजबुजत होते. कुणालाही जवळ येऊ दिलं नाही. सोमवार ते बुधवार ह्यांचं पाणी, गुरुवारपासून त्यांचं, आणि रविवारी ज्याला गरज असेल त्याचं, असं ठरलं. चहा झाला. संध्याकाळी आमच्या आजोबांनी दुधात कुस्करून ज्वारीची भाकरी मागितली, रात्री पुन्हा मागितली, आणि आठवड्याभरात काठी टेकत अंगणात आले. तुळशीचं पान वाळून गेलं. पुढे ते बरेच दिवस जगले, आणि रविवारचं पाणी कुणाचं यावरून उन्हाळ्यात पहिला आवाज चढवला तोही त्यांनीच.