लिस्बन आणि कशियशचा किल्ला
(सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील भाषण)



परदेशप्रवासाविषयी काही सांगावे, अशी कार्यकारी मंडळाची आज्ञा झाली. प्रवासवर्णन म्हटले की राजवाडे, पुतळे आणि भोजनगृहे डोळ्यांपुढे येतात. लिस्बनमध्ये हे सारे विपुल आहे. परंतु त्या नगरीत मराठी माणसाने ज्या स्थळाकडे वळून पाहावे असे मला वाटते, त्याचे नाव प्रवासी कंपन्यांच्या यादीत नसते.

तेजो नदी अटलांटिक महासागराला मिळते, तेथे टेकड्यांवर हे शहर वसले आहे. 1 नोव्हेंबर 1755 रोजी भूकंप, समुद्राच्या लाटा आणि आग अशा तिहेरी आपत्तीने जुने लिस्बन उद्ध्वस्त झाले. सखल भागातील आजचे सरळ रस्ते त्यानंतरचे. मला मात्र पहिले नवल कानांनी दाखविले. दिल्लीत वाढलेली आमची मुले घरातसुद्धा 'आलू' म्हणतात. आणि येथे, इतक्या दूर, भाजीवालीच्या तोंडी 'बटाटा'! पाव, चावी, बादली, घमेले, लिलाव, नाताळ हे शब्द याच लोकांच्या गलबतांतून आपल्या किनाऱ्यावर उतरले. महिनाअखेरीस आपण सरकारी नोकर ज्याची वाट पाहत असू, तो 'पगार'ही त्यांचाच.

शब्दांचे हे ऋण मान्य करूनही बेलेम या उपनगरात मन अस्वस्थ होते. जेरोनिमोशच्या भव्य मठात वास्को द गामाची समाधी आहे. समोर नदीकाठी दर्यावर्दींचे प्रचंड पाषाणस्मारक आहे. ते आजच्या रूपात 1960 साली उभे राहिले. त्याच सुमारास मोहन रानडे पोर्तुगीजांच्या कोठडीत होते.

तरुण श्रोत्यांसाठी थोडे विस्ताराने सांगतो. सांगलीचे मनोहर आपटे हे मोहन रानडे या नावाने गोव्यात शिरले ते मराठी शिक्षक म्हणून. आझाद गोमंतक दलाचे ते सैनिक. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस ठाण्यावरील हल्ल्यात जखमी होऊन ते पकडले गेले. सव्वीस वर्षांची शिक्षा झाली आणि पुढे त्यांना पोर्तुगालला नेण्यात आले. तेथे लिस्बनजवळच्या कशियशच्या किल्ल्यात त्यांना ठेवले होते. कारावासातील सुमारे सहा वर्षे एकांतवासाची होती. 19 डिसेंबर 1961 रोजी गोवा मुक्त झाला, आपण दिल्लीत पेढे वाटले, आणि ज्याने त्यासाठी गोळी झेलली तो माणूस त्यानंतरही सात वर्षे तुरुंगातच राहिला! विजयोत्सवात अशा माणसांचा विसर किती सहज पडतो! सर्वांनाच पडला नाही, हे आपले भाग्य. सुधीर फडके यांनी त्यांच्या सुटकेसाठी जिवाचे रान केले; तामिळनाडूचे मुख्यमंत्री अण्णादुराई यांनी पोपमहोदयांकडे शब्द टाकला. जानेवारी 1969 मध्ये रानडे सुटले. आभार मानायला ते मद्रासला पोहोचण्यापूर्वीच, 3 फेब्रुवारीला, अण्णादुराई निवर्तले होते. 'सतीचे वाण' हे रानड्यांचे आत्मकथन आपल्या ग्रंथालयात नसेल, तर या वर्षी अवश्य घ्यावे.

लिस्बनच्या काइश दु सोद्रे स्थानकावरून नदीच्या कडेकडेने जाणारी आगगाडी कशियशला थांबते. एका बाजूला पाणी आणि पोहणारी मुले. दुसऱ्या बाजूला चढण, आणि वर तो किल्ला. तेथे आजही तुरुंगच असल्याने आत जाता येत नाही. मी रस्त्यावरूनच पाहिले आणि परतीची गाडी धरली.

आत जाऊन पाहण्यासारखा तुरुंग शहरात आहे. मुख्य कॅथेड्रलला लागून असलेल्या या इमारतीचे नाव 'अल्जुबे'. सालाझारची गुप्त पोलीस यंत्रणा आपल्या राजकीय विरोधकांना येथे डांबत असे. 2015 पासून तेथे संग्रहालय आहे. माणूस जेमतेम आडवा होईल एवढ्या कोठड्या पाहताना ध्यानी आले की, ज्या सत्तेने रानड्यांना कोंडले तिनेच स्वतःच्या हजारो नागरिकांनाही कोंडले होते. स्मारकासमोर मनात उसळलेला राग येथे तसाच ठेवणे मला जमले नाही. पोर्तुगीज जनता आणि सालाझार हे एक नव्हेत, हे पुस्तकात वाचले होते; त्या कोठडीपुढे ते पटले.

25 एप्रिल 1974 रोजी सैनिकांनी ती राजवट उलथून टाकली. बंदुकीच्या नळीत लोकांनी तांबडी फुले खोवली. दोनच दिवसांत कशियशचे दरवाजे उघडून राजबंदी बाहेर आले. त्याच वर्षी 31 डिसेंबरला आपल्या या दिल्लीत करार होऊन पोर्तुगालने गोव्यावरील भारताचे सार्वभौमत्व मान्य केले. भारताच्या वतीने सही केली परराष्ट्रमंत्री यशवंतराव चव्हाण यांनी, आणि पोर्तुगालच्या वतीने मारियो सोआरिश यांनी. चव्हाणांनी 1942 च्या चळवळीत तुरुंग पाहिला होता. सोआरिश यांनी सालाझारचा तुरुंग अनेकदा भोगला होता.