आजीचं कूळ कोणत्या रकान्यात लिहायचं?

मी बोलतेय चारठाण्याहून, तालुका जिंतूर, जिल्हा परभणी. आमच्या गावच्या जुन्या मंदिरांचे रील तुम्ही पाहिले असतील. आज मात्र विषय मंदिरांचा नाही, माणसांच्या नावांचा आहे.

गेली दोन-तीन वर्षं मराठवाड्यात एक शब्द फार चाललाय. वंशावळ. सप्टेंबर २०२३ मध्ये सरकारनं निजामकाळातल्या कुणबी नोंदी तपासायला न्यायमूर्ती संदीप शिंदे समिती नेमली. आमचा भाग १७ सप्टेंबर १९४८ पर्यंत हैदराबाद संस्थानात, म्हणून जुने कागद उर्दूत, काही मोडीत. तेव्हापासून ज्यांना पणजोबाचं नाव सांगता येत नव्हतं, ते खापरपणजोबा शोधायला लागले. आरक्षणाचा वाद आज बाजूला ठेवू. तो वंशावळीचा कागद कसा असतो ते बघा. वर एक पुरुष, खाली त्याची मुलं, त्यांची मुलं, सगळ्यात शेवटी अर्जदार. मला यातलं एक खटकतं. त्याच्याकडं येतेच, पण आधी आडनाव आणि कूळ यांतला फरक सांगते.

आपल्याला वाटतं आडनाव म्हणजेच कूळ. तसं नाही. 'चारठाणकर' आडनाव घ्या. गावातच राहणाऱ्याला चारठाणकर म्हणून कोण ओळखणार? इथं सगळेच चारठाण्याचे! हे आडनाव गाव सोडल्यावर उपयोगाचं. ते पत्ता सांगतं, कूळ नाही. पाटील, देशमुख, कुलकर्णी ही तर वतनांची नावं. म्हणून पाटलाची मुलगी पाटलाच्याच घरी देतात आणि कुणाला काही वाटत नाही, कारण आतलं मूळ आडनाव वेगळं असतं. उलटही होतं. जिंतूर तालुक्यात बंजारा तांडे पुष्कळ. तांड्यावरचे जाधव आणि गावातले जाधव, आडनाव एकच, कुळं साफ वेगळी.

मग खरं कूळ कुठं कळतं? लग्नात आणि सुतकात.

लग्नाच्या आधी देवक बसवतात ते तुम्ही पाहिलंय. फोटोत नीट येत नाही म्हणून आपण तिकडं फारसं बघत नाही, पण कुळाची खूण तीच. कुणाचं देवक कळंब, कुणाचं पंचपल्लव म्हणजे पाच झाडांची पानं, कुणाचं मोराचं पीस, कुणाचं सूर्यफूल. ज्या झाडाचं देवक ते झाड तोडायचं नाही, आणि देवक एक असेल तर ते भाऊबहीण, सोयरीक नाही. मराठा, कुणबी, धनगर, माळी अशा कितीतरी समाजांत ही पद्धत आहे. ब्राह्मणांत हेच काम गोत्र करतं. बंजाऱ्यांतही राठोडाचं राठोडाशी लग्न होत नाही.

आता खूप लांबचं उदाहरण देते. दक्षिण आफ्रिकेतल्या खोसा लोकांत कुळाच्या नावाला 'इसिदुको' म्हणतात. नेल्सन मंडेलांना सगळे 'मदिबा' म्हणायचे. ते टोपणनाव नव्हे, ते त्यांच्या कुळाचं नाव, अठराव्या शतकातल्या एका थेंबू राजावरून आलेलं. आडनावापेक्षा इसिदुकोनं हाक मारणं जास्त आदराचं. इसिदुको एक असेल तर लग्न नाही. इथपर्यंत अगदी आपल्यासारखंच. फरक पुढं आहे. तिथली बाई लग्न झालं तरी आपलं कुळाचं नाव सोडत नाही. मुलं बापाच्या कुळाची, पण ती स्वतः शेवटपर्यंत माहेरच्याच कुळाची, आणि सासरी तिला त्याच नावानं हाक मारतात.

आणि आपल्याकडं? लग्नाच्या दिवशी कूळ बदललं. काही घरांत तर ताटातल्या तांदळावर अंगठीनं नवीन नावही लिहितात. सुतकाचा हिशोब बघा. सासरच्या भावकीतला कुणी गेला, ज्याला तिनं कधी पाहिलंही नाही, तर दहा दिवस. स्वतःचे आईबाप गेले तर तीन. मला तरी हा हिशोब कधीच पटला नाही.

आपल्याकडं बाईचं कूळ लक्षात ठेवतच नाहीत असंही नाही. जिजाऊ कुणाची लेक? सिंदखेडराजाच्या लखुजी जाधवांची. शाळेतलं पोरगंही सांगेल. लग्नाचा बायोडाटा उघडा, त्यात 'मामा' असा रकाना असतोच. आईचं माहेरचं आडनाव तिथं येतं, पण मामाच्या नावावर. सोयरीक जुळवणारे त्यावरूनच आईकडचं नातं ओळखतात. म्हणजे माहिती लागते, फक्त आईच्या नावापुढं ती कुणी लिहीत नाही. आणि हे एकाच पिढीचं. आजीचं माहेर मामाच्या रकान्यात मावत नाही, पणजीचं तर विचारूच नका.

नाशिकला, त्र्यंबकेश्वरला तीर्थोपाध्यायांकडं नामावळीच्या वह्या असतात. गाव आणि आडनाव सांगितलं की ते बरोबर वही काढतात, आणि आपल्या आजोबांनी येऊन गेल्याची नोंद समोर येते. भारी वाटतं. पण शोध सुरू होतो तो सासरच्या आडनावावरूनच.

मे २०२४ पासून महाराष्ट्रात एक बदल झालाय. १ मे २०२४ नंतर जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारी कागदांवर आईचं नावही येणार. आधी मुलाचं, मग आईचं, मग वडिलांचं, मग आडनाव. चांगलंच झालं. पण त्यात आईचं पहिलं नावच येतं. आडनाव वडिलांचंच.

म्हणून आमच्या घरी वंशावळ काढली तेव्हा मी वहीत दुसरा कागद केला. आई, आजी, पणजी, प्रत्येकीचं माहेरचं गाव, आडनाव, देवक. तहसीलमध्ये त्याचा उपयोग शून्य. पणजीपर्यंत पोचले, त्यापुढचं सांगणारं कुणी राहिलं नाही. तुमच्या घरात सत्तरी-ऐंशीच्या आजी असतील तर या आठवड्यात तेवढं विचारून घ्या, फोन रेकॉर्डिंगला लावून. देवकाचं नक्की विचारा, ते कुठल्याच दाखल्यावर नसतं. आणि काही वेगळं देवक सापडलं तर आम्हाला व्हॉइस नोट पाठवा, पुढच्या भागात ऐकवू.