मुलांची पावले आणि पादत्राणे



शाळेच्या पडवीत मुलांनी काढून ठेवलेली चपला-बुटांची रांग शिक्षकांच्या रोज दृष्टीस पडते. ती सरळ लागली की नाही, एवढेच बहुधा पाहिले जाते. पावलांच्या विकारांवर उपचार करणारा पादचिकित्सक त्याच रांगेकडे निराळ्या नजरेने पाहील. रुग्ण आला की त्याची वापरलेली पादत्राणे तो आधी पाहतो. टाच कोणत्या अंगाने झिजली, अंगठ्याजवळचे कातडे कोठे फुगले, यावरून चालण्याचा पुष्कळसा इतिहास त्याला उमगतो. पाऊल तो त्यानंतर हाती घेतो.

माणसाच्या एका पावलात 26 हाडे असतात. लहान मुलात त्यांचा बराच भाग मऊ कूर्चेचा असतो. त्यामुळे तंग बुटाने मोठा माणूस कळवळतो, तर मूल मुकाट्याने आपले पाऊलच बुटाच्या आकाराचे करून घेते. तक्रार येत नाही, आणि खरी अडचण तीच आहे.

पाश्चात्त्य देशांतही हे उशिराच ध्यानात आले. तेथे एके काळी डाव्या-उजव्या पायांचे जोडे एकाच साच्यावर बेतीत. हॉलंडमधील शरीरशास्त्रज्ञ पेट्रुस कांपर याने 1781 मध्ये जोड्यांच्या योग्य आकारावर प्रबंध लिहिला. घोड्या-बैलांच्या खुरांची चिंता वाहणारे विद्वान माणसाच्या पावलांकडे मात्र पाहत नाहीत, असा टोला त्याने त्यात मारला आहे. पुढे 1858 मध्ये झुरिकच्या हेर्मान मायर याने साधे गमक सांगितले: टाचेच्या मध्यापासून काढलेली रेषा अंगठ्यामधून सरळ जावी. निमुळत्या बुटात ती जाऊच शकत नाही.

आपल्याजवळचे उदाहरण मणिपालचे आहे. राव व जोसेफ या डॉक्टरांनी 4 ते 13 वर्षांच्या 2300 मुलांच्या पावलांचे ठसे तपासून 1992 मध्ये निष्कर्ष प्रसिद्ध केले. पादत्राणे वापरणाऱ्या मुलांत सपाट तळव्याचे प्रमाण शेकडा 8.6, तर अनवाणी मुलांत 2.8 आढळले. बंद बूट घालणाऱ्यांत ते सर्वाधिक होते, सँडल वा चपला वापरणाऱ्यांत त्याहून कमी. पहिलीच्या वर्गापासून काळ्या बंद बुटांचा आग्रह धरल्याने कोणते शैक्षणिक हित साधते, हे सांगणे कठीण आहे.

म्हणून मुलांस अनवाणी हिंडू द्यावे, असे मात्र कोणी समजू नये. अंकुशकृमीच्या अळ्या दूषित मातीतून पायाच्या त्वचेवाटेच शरीरात शिरतात, काटा-काच आहेच. बोटे मोकळी राहतील, तळ लवचिक असेल आणि मागे पट्टा असेल, अशी सँडल आपल्या हवेस उत्तम. वाकवून पाहिल्यास ती बोटांच्या मुळाशी वाकावी, मधोमध दुमडू नये.

मापाची गोष्ट सोपी आहे. मुलास कागदावर पूर्ण भार देऊन उभे करावे व पेन्सिल उभी धरून दोन्ही पावलांची रेघ काढावी. गावचा चर्मकार कारागीर असेच माप घेत आला आहे. ती आकृती कापून तळावर ठेवावी. बाहेर आली तर जोडा अरुंद समजावा. सर्वांत लांब बोटापुढे अंगठाभर जागा हवी. ‘वाढत्या अंगाचा’ म्हणून त्याहून बराच मोठा घेतल्यास पाय आत घसरतो आणि मूल बोटे आवळून चालते. दर तीन-चार महिन्यांनी माप पुन्हा पाहावे.

ओल्या पावलाचा ठसा फरशीवर सबंध उमटला म्हणून पालकांस घाबरवू नये. लहान वयात तळवा सपाट दिसणे स्वाभाविक असते. मुलास चवड्यांवर उभे करावे. कमान उठून दिसली, तर बहुधा चिंतेचे कारण नसते. ती तशीही दिसत नसेल, पाय दुखत असेल किंवा एकच पाऊल निराळे दिसत असेल, तर त्या मुलास प्राथमिक आरोग्य केंद्रात दाखवण्याविषयी पालकांस सांगावे आणि जाताना नेहमीचा जुना जोडा बरोबर न्यावयास लावावे.