मुंगीचं आडनाव बदलतं तेव्हा

कंपनीच्या बसमध्ये असाल, चाकणहून येताना नाशिक फाट्याच्या ट्रॅफिकमध्ये अडकला असाल, तर पुढची तीन मिनिटं माझी. आज बोलायचंय एका मुंगीच्या आडनावाबद्दल.

स्विचबोर्डमधून रांगेनं निघणारी बारीक पिवळट मुंगी, पोटाचं टोक मात्र काळपट. वायरवरचं आवरण कुरतडण्यासाठी ही जगभर बदनाम आहे. त्यातून शॉर्टसर्किटसुद्धा होतं. आपल्यासारख्या कारखान्यांच्या पट्ट्यात हिची ओळख असलेली बरी.

१८५१ मध्ये टी. सी. जेर्डन या ब्रिटिश डॉक्टरनं दक्षिण भारतातल्या मुंग्यांची यादी छापली. त्यात हिचं नाव होतं ‘अट्टा डिस्ट्रक्टर’. शास्त्रीय नावात हजेरीपटासारखं आडनाव आधी येतं. म्हणजे अट्टा हे आडनाव. आज ते फक्त अमेरिका खंडांतल्या पानं कापणाऱ्या मुंग्यांना लावतात. आपल्या मुंगीला पुढे ‘मोनोमोरियम’ घराण्यात टाकलं आणि ती कित्येक दशकं तिथेच राहिली.

का टाकलं? दिसण्यावरून! लहान अंग, कमरेला दोन गाठी, मिशांची ठेवण. पण एकाच कंपनीचा युनिफॉर्म घातलेली सगळी माणसं एका घरातली असतात का? सारखं जगणं असलं की वेगळ्या वंशातले जीवही सारखे दिसायला लागतात.

म्हणून मग जनुकं तपासली. २०१५ मध्ये फिलिप वॉर्ड, शॉन ब्रॅडी, ब्रायन फिशर आणि टेड शुल्त्झ यांनी मिर्मिसिनी या मोठ्या उपकुळातल्या २५१ जातींचे ११ जनुकांचे तुकडे ताडून पाहिले. नियम साधा: एका नावाखाली एक पूर्वज आणि त्याचे सगळे वंशज यायला हवेत. परका आत नको, घरचा बाहेर नको. या कसोटीवर आधीचे २५ गट मोडून ६ झाले. मोनोमोरियममध्येही वेगवेगळ्या वंशांची सरमिसळ निघाली. आपली वायर कुरतडणारी तिथून बाहेर पडली आणि झाली ‘ट्रायकोमिर्मेक्स डिस्ट्रक्टर’.

तुम्ही म्हणाल, नाव बदलून मुंगी चावायची थांबली का? नाही ना! पण ऐका. स्वयंपाकघरात येणारी फॅरो मुंगी अजून मोनोमोरियमच आहे. तीही बारीक, तीही पिवळट. तिच्यावर फवारा मारला की वसाहत फुटते आणि चार ठिकाणी नवी बिऱ्हाडं बसतात. म्हणजे समोर कोण आहे, हे कळल्याशिवाय डबा उघडायचा नाही. एक खूण सांगतो: फॅरोच्या कामकरी मुंग्या साधारण एका मापाच्या असतात, डिस्ट्रक्टरच्या रांगेत लहानमोठ्या दिसतात.

दुसरी गोष्ट. आकुर्डीत भारतीय प्राणी सर्वेक्षणाचं पश्चिम विभागीय केंद्र आहे. अशा संस्थांच्या संग्रहात टाचणीला लावलेली मुंगी तीच राहते, बदलते ती चिठ्ठी. सातबाऱ्यावरच्या फेरफारासारखं. जुनी नोंद खोडून टाकत नाहीत, कारण आधीची सगळी माहिती जुन्या नावानंच लिहिलेली असते. त्यामुळे मोबाईलवर शोधाल तेव्हा दोन्ही नावं टाका. नुसतं नवं टाकलंत, तर कितीतरी जुनं काम हातचं जाईल.

आज घरी गेल्यावर स्विचबोर्डजवळ रांग दिसली, तर आधी जवळून फोटो काढा. लहानमोठ्या आहेत की एका मापाच्या, ते बघा. मग मला कळवा. भेटू पुढच्या भागात!